वीस मुलांत सोडण्याआधी एक जोडीदार शोधा

पुण्याजवळच्या वाकडमधल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. घरी आई, बाबा, आजी, आजोबा. शब्द साठ-सत्तर, कधीमधी दोन शब्द जोडतो: 'बाबा गाडी', 'दूध नको'. सांगितलेलं सगळं कळतं. सोसायटीच्या प्ले एरियात मात्र कडेला उभा राहून बघतो, नाहीतर थेट जाऊन ढकलतो, हातातलं ओढतो. प्लेग्रुपच्या टीचर म्हणतात, 'मिक्स होत नाही.' आजी म्हणतात, 'याचा बापसुद्धा उशिराच बोलला.' तर प्लेग्रुपचे दोन तास वाढवून डे-केअरसकट पूर्ण दिवस करावा का, मुलांत राहिला की आपोआप बोलेल का?

ताई, यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बोलणं वयाच्या मानाने मागे आहे का, हा एक. खेळातून ते पुढे येईल का, हा दुसरा. मला मुख्यतः दुसऱ्याबद्दल लिहायचंय, पण पहिला मोकळा केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडी. तीनच्या आसपास तीन-चार शब्दांची वाक्यं आणि बाहेरच्या माणसाला बरंचसं कळेल असं बोलणं. मुलांच्या बोलण्यावर काम करणारे आम्ही धरतो ती ही ढोबळ मापं. त्या हिशेबाने तुमचा मुलगा मागे आहे. घाबरून जावं इतका नाही, पण 'होईल हळूहळू' म्हणून सोडून द्यावं असंही नाही. शब्द मोजताना मराठी, हिंदी, इंग्रजी सगळे एकत्र धरलेत ना, तेवढं बघा. बाप उशिरा बोलला हे खरं असेल, उशिरा बोलणं घराण्यात चालतंही. पण त्यावरून या मुलाचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून कानाची तपासणी आणि स्पीच थेरपिस्टकडे एक भेट, दोन्ही याच महिन्यात उरका.

'सांगितलेलं सगळं कळतं' हा नीट ऐकू येत असल्याचा पुरावा नव्हे. तुम्ही 'चल, बूट घाल' म्हणता तेव्हा बूट तुमच्या हातात असतो, दार उघडं असतं, आजोबा काठी घेऊन उभे असतात. एकही शब्द ऐकू आला नाही तरी काय करायचं ते कळतं. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात चिकट पाणी साठतं आणि ते असेपर्यंत कानात बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. घरात दोन फुटांवरून बोललेलं पोचतं, प्ले एरियाच्या कलकलाटात पोचत नाही. असं मूल 'मिक्स होत नाही' तेव्हा कारण वेगळं असतं आणि इलाजही वेगळा.

आणखी तीन गोष्टी घरीच तपासा. नावाने हाक मारल्यावर वळतो का? विमान किंवा कुत्रा दिसला की बोट दाखवून लगेच तुमच्या तोंडाकडे बघतो का? आधी येत असलेले शब्द बंद झालेत का? पहिल्या दोनपैकी कशाचंही उत्तर 'नाही' किंवा तिसऱ्याचं 'हो' असेल, तर खालचं वाचत बसण्याआधी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनची (मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची) वेळ घ्या. पुढचं सगळं मी ही उत्तरं ठीक आहेत असं धरून लिहितेय.

आता खेळ. तुमच्या घरात एका मुलामागे चार मोठी माणसं आहेत. त्याने फ्रिजकडे नुसतं बघितलं की आजी दूध काढतात. 'ऊं' केलं की बाबांना कळतं की गाडी सोफ्याखाली गेलीय. हे प्रेमच आहे, यात कुणाचं चुकलं असं नाही. पण बोलण्यावाचून काही अडतच नाही, हेही खरं. दुसरं तीन वर्षांचं मूल याच्या अगदी उलट. त्याला खुणा कळत नाहीत, ते थांबत नाही, समजलं नाही तर 'काय?' म्हणतं किंवा सरळ निघून जातं. अशा गड्याशी खेळायचं तर आधी त्याचं लक्ष वेधावं लागतं, मग सांगावं लागतं, पोचलं का ते बघावं लागतं आणि पोचलं नसेल तर तेच वेगळ्या तऱ्हेने पुन्हा सांगावं लागतं. संवादाची कौशल्यं म्हणतात ती हीच. आई-बाबांशी बोलताना यातली निम्मी मेहनत आई-बाबाच करतात.

मग पूर्ण दिवस मुलांत ठेवलं की झालं, असं वाटेल. इथेच गोची आहे. ज्याच्याकडे साठ शब्द आहेत त्याला एकदम पंधरा-वीस मुलांत सोडलं तर त्याचे शब्द तिथे पोचेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. दोनदा असं झालं की तो शब्दांचा नाद सोडतो आणि हात वापरतो. ढकलणं, ओढणं हे बहुतेक वेळा 'मलाही घ्या' याचंच भाषांतर असतं. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला असतो: आधी थांबणारं मोठं माणूस, मग एकच मूल, मग दोन-तीन, आणि गट सगळ्यात शेवटी. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा झालाय.

पहिल्या दोन आठवड्यांत बाहेरचं कुणी नको. फक्त तुम्ही आणि तो, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. खेळ असे निवडायचे की ज्यांचा साचा ठरलेला आहे आणि त्यात एक जागा मुलासाठी रिकामी आहे. बुवा-कुक, आपडी-थापडी, चादरीचा झोका, साबणाचे फुगे. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९७०च्या दशकात बुवा-कुकसारख्या खेळांचा बारकाईने अभ्यास केला, तो याचसाठी. तेच तेच पुन्हा घडतं, त्यामुळे पुढे काय येणार ते बाळाला ठाऊक असतं आणि आपली पाळी कुठे आली तेही कळतं. पाळी घेणं मूल आधी शिकतं, त्या पाळीत शब्द नंतर येतो.

सोसायटीतला झोकाच घ्या. आपण मागून ढकलतो आणि मोबाईल बघतो. त्याऐवजी समोर उभ्या राहा. झोका तुमच्याकडे आला की दोन्ही हातांनी पाय धरून थांबवा. चेहऱ्यासमोर चेहरा. 'एक... दोन...' म्हणा आणि गप्प बसा. मनात सावकाश सातपर्यंत मोजा. बहुतेक आई-बाबांचा धीर दोनला सुटतो आणि 'तीन म्हण, तीन! बोल ना!' सुरू होतं. तिथेच खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. त्या सात अंकांत त्याने काहीही केलं, तुमच्याकडे बघितलं, पाय हलवला, 'ती' म्हणाला, तरी ती त्याची पाळी झाली. लगेच 'तीन!' म्हणून सोडून द्या. सातपर्यंत काहीच आलं नाही तरी सोडा, चिडवू नका. दहा-बारा झोक्यांत बहुतेक मुलं काहीतरी देऊ लागतात. आज नाही तर चौथ्या दिवशी.

हेच घरात 'थोडं अडवण्या'तही करता येतं. वाटीत खीर द्या, चमचा देऊ नका. फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून त्याच्या हातात द्या. दोन मोजे दाखवा आणि थांबा. पण खरीच भूक-तहान लागलेली असताना आणि शी-शूच्या वेळी अडवाअडवी करायची नाही, आणि पाच-सात सेकंदांपलीकडे ताणायचं नाही. आजीला हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर 'पोराला कशाला रडवतेस' म्हणत त्या तिसऱ्या सेकंदाला चमचा आणून देतील.

खेळताना तुम्ही काय बोलता तेही बघा. 'हा कोणता रंग? काऊ कसा करतो? हे काय आहे?' या प्रश्नांना एका शब्दाचं उत्तर असतं आणि ते दिलं की गप्पा संपतात. एका प्रश्नामागे तीन-चार साधी वाक्यं असू द्या: 'गाडी पडली.' 'वर चढली.' 'अरे, अडकली!' तो जेवढे शब्द बोलतो त्याहून एकच शब्द जास्त वापरा. तो 'गाडी' म्हणाला तर 'गाडी गेली'. तो 'बाबा गाडी' म्हणाला तर 'बाबांची गाडी आली'.

मराठीपुरती एक खास अडचण इथे येते. दिवसभर आईच्या तोंडून 'मी टाकते, मी घेते' ऐकणारे मुलगेही 'मी टाकते' म्हणू लागतात. त्यात बिघडत काही नाही, ते सुटतं. पण त्याच्या पाळीचं वाक्य त्याच्यासाठी म्हणून दाखवताना ते त्याच्या तोंडात बसेल असंच म्हणा: 'मी टाकतो', 'मला दे', 'माझी पाळी'. 'म्हण, मला दे' असं म्हणालात तर बरीच मुलं 'म्हण मला दे' असं अख्खंच्या अख्खं म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यापासून जोडीदार. यात निवड फार महत्त्वाची. त्याच्याच वयाचं, त्याच्याइतकंच ओढाओढी करणारं मूल नको. चार-साडेचार वर्षांची, बोलकी पण दामटून न नेणारी मुलगी किंवा मुलगा सगळ्यात चांगला. चार वर्षांची मुलं लहानांशी बोलताना आपणहून वाक्यं छोटी करतात, हळू बोलतात, पुन्हा सांगतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मावशीची, काकांची मुलं पुण्यात असतील तर उत्तमच. नसतील तर मजल्यावरचं एखादं. आठवड्यातून दोन-तीनदा, तेच मूल, तीच जागा. दर वेळी नवा गडी आणलात तर दर वेळी शून्यापासून सुरुवात.

वेळ झोप आणि खाणं झाल्यानंतरची, साधारण पाचची. एकूण अर्धा-पाऊण तास, त्यातला नेमका खेळ पंधरा-वीस मिनिटं. रंग भरलेला असतानाच थांबवा. भांडणाने संपलेला डाव पुढच्या वेळी भांडणानेच सुरू होतो. जमिनीवर सतरंजी. बॅटरीची, आवाज करणारी खेळणी आत ठेवा, कारण तिथे खेळणंच बोलत असतं. त्याची अगदी लाडकी गाडीही कपाटात जाऊ दे. त्या गाडीवरून वाटून घ्यायला शिकवणं हा या वयातला सगळ्यात अवघड धडा आहे, तो पहिल्याच दिवशी कशाला?

सुरुवातीच्या दोन-तीन भेटींत सगळं जोडीने ठेवा: दोन बादल्या, दोन फावडी, ठोकळ्यांचे दोन ढीग. दोघं शेजारी बसून आपापलं करतील, एकमेकांकडे बघतील, नक्कल करतील. पालकांना वाटतं, 'खेळतच नाहीत एकत्र.' पण शेजारी-शेजारी खेळणं हाही खेळच. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मिनेसोटातल्या लहान मुलांच्या निरीक्षणावरून खेळाचे जे प्रकार मांडले त्यात शेजारचा खेळ स्वतंत्र धरलाय, आणि नुसतं उभं राहून बघणंही स्वतंत्र धरलंय. ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक येतात असं आता कुणी मानत नाही. चार वर्षांचं चांगलं बोलणारं मूलही मध्येच एकटं खेळतं. तेव्हा तुमचा मुलगा कडेला उभा राहतो हे तेवढ्यापुरतं वाईट नाही. तो कसा उभा राहतो ते बघा. चेंडू जिकडे जाईल तिकडे नजर जातेय, मुलं हसली की तोही हसतो, तर तो खेळ शिकतोय. पाठ करून गेटची कडी हलवत बसला असेल, तर त्याला एवढी गर्दी झेपत नाहीये.

मग येतात दोघांशिवाय न होणारे खेळ. चेंडूचा जरा तपशिलात सांगते. नारळाएवढा मऊ चेंडू घ्या. कडक चेंडू उसळून पळतो आणि मुलं चेंडूमागे पळतात. दोघांना पाय फाकवून समोरासमोर बसवा, पावलाला पाऊल टेकवून. पायांचं कुंपण झालं की चेंडू बाहेर जात नाही. तुम्ही तुमच्या मुलाच्या पाठीमागे बसा, समोर नाही. समोर बसलात तर तो तुमच्याकडे बघेल, रियाकडे नाही (जोडीदारणीचं नाव रिया धरू). चेंडू त्याच्या हातात आला की कानाशी हळूच म्हणा, 'रिया, घे.' आधी नाव, मग शब्द, कारण नाव घेतल्याशिवाय ती वर बघणार नाही. तो नुसतं 'ये' म्हणाला तरी चालेल. चेंडू गेला पाहिजे आणि रियाने तो घेतला पाहिजे. आपल्या तोंडातून काहीतरी निघालं आणि समोरच्याने त्यावर काही केलं, हा अनुभव त्याला हवाय.

इथे काय बिघडतं? पहिलं, मुलगा चेंडू पोटाशी धरून बसतो. चेंडू परत येईल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी पहिल्या पाच-सहा फेऱ्या त्याचे हात धरून भराभरा करून घ्या, म्हणजे चेंडू परत येतो हे त्याला दिसेल. दुसरं, रिया कंटाळते. साडेचार वर्षांच्या मुलीला दहा फेऱ्या पुरे होतात; तिला काम द्या, 'तू मोजायचं हं.' तिसरं, आणि हेच सगळ्यात जास्त होतं, मोठी माणसं मध्ये बोलतात. 'शाब्बास! बघ रियाला दिला! आता परत दे! थँक यू म्हण!' दोन मुलांच्या मधली ती छोटीशी शांतता आपण भरून टाकली की त्यांना ती भरावी लागत नाही. दर फेरीला एकदाच, कानात, तेवढंच. पाचव्या-सहाव्या भेटीला तेही कमी करा आणि हातभर मागे सरका.

चेंडूचा कंटाळा आला तर पुठ्ठ्याची लांब नळी घ्या: एकाने वरून गाडी सोडायची, दुसऱ्याने खाली पकडायची. किंवा ताटलीत केळ्याच्या चकत्या आणि वाटपाचं काम तुमच्या मुलाकडे. शेंगदाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात.

भांडण होणारच. त्याने ओढलं की 'सॉरी म्हण' याचा या वयात फारसा उपयोग होत नाही. 'सॉरी' हे दोन मिनिटांत सुटका करून घेण्याचं तिकीट होतं. दोघांच्या मध्ये खाली बसा, वस्तू स्वतःच्या हातात घ्या आणि दोघांना एकेक वाक्य द्या. त्याला 'मला पण हवी', तिला 'थांब, मी खेळतेय'. मग पाळी ठरवा, आणि ती मिनिटांनी ठरवू नका. 'पाच मिनिटांनी तुझी' हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. 'तिचे तीन ठोकळे, मग तुझे तीन' हे दिसतं.

आणि खेळात शिरायचं कसं, हेही शिकवावं लागतं. 'मला खेळायला घ्याल का?' असं विचारायला आपण मुलांना सांगतो, पण त्याचं सगळ्यात सोपं उत्तर 'नाही' असतं. ज्या मुलांना हे आपसूक जमतं ती काय करतात ते बघा: थोडा वेळ बघतात, जवळ सरकतात, तीच वस्तू घेऊन शेजारी तेच करू लागतात आणि मग काहीतरी बोलतात. तुमच्या मुलाच्या हातात एक बादली आणि दोन फावडी द्या. एक त्याचं, एक देण्यासाठी. दुसऱ्या मुलाला फावडं पुढे केलं की बोलावं न लागता दार उघडतं. वाळूचा खड्डा यासाठी उत्तम, कारण सगळे खाली बसलेले असतात आणि कुणाला घाई नसते. घसरगुंडीची रांगही चांगली: 'जा', 'थांब', 'आता मी' हे तीन शब्द तिथे दर मिनिटाला लागतात. सहा-साडेसहाला मोठी मुलं क्रिकेट आणि सायकली घेऊन उतरतात, त्याआधी जा.

गटातला खेळ सुरू करायला आपल्याकडे एक सोय आधीपासून आहे, तिचं नाव कच्चं लिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही, तो आउट नाही. सोसायटीतल्या सात-आठ वर्षांच्या एखाद्या ताई-दादाला सांगा, 'याला कच्चं लिंबू घ्या.' फक्त एक काळजी घ्यायची. नुसतं कच्चं लिंबू केलेलं मूल मैदानभर उगाच धावत राहतं, त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याला शब्द असलेलं एक काम द्यायला लावा. लपाछपीत तो मोठ्या ताईबरोबर लपेल आणि 'धप्पा' तोच म्हणेल. पळापळीत 'एक, दोन, तीन, पळा' तो ओरडेल. एकच शब्द, पण तो म्हटल्याशिवाय दहा मुलांचा खेळ हलत नाही! तळ्यात-मळ्यात, 'शिवाजी म्हणतो' हे ऐकण्याचे फार छान खेळ, पण नियमाने खेळायला चार वर्षं तरी व्हायला हवीत. तोवर मोठ्यांचं बघून उड्या मारल्या तरी पुष्कळ.

भातुकलीबद्दल थोडं, कारण मुलगा आहे म्हणून ती घरात आणलेलीच नसते. बाहुलीला भरवणं दीड वर्षाच्या आसपास सुरू होतं. तीनच्या पुढे 'मी डॉक्टर, तू पेशंट' अशा भूमिका येतात. या खेळात वस्तू समोर नसते, म्हणून शब्दच वस्तूचं काम करतात. रिकामी वाटी पुढे करून 'गरम आहे, फुंक' म्हटल्याशिवाय त्यात चहा येत नाही. आणि 'मग', 'म्हणून', 'नाहीतर', 'खोटं-खोटं' हे शब्द मुलं सगळ्यात आधी इथेच भरपूर वापरतात. त्याला चुलीपेक्षा पेट्रोल पंप किंवा पीएमपीची बस आवडत असेल तर तेच करा. चार खुर्च्या ओळीने, एक कंडक्टर, एक प्रवासी. कंडक्टरला 'कुठे?' विचारावंच लागतं आणि प्रवाशाला 'स्वारगेट' म्हणावंच लागतं. सध्या तीन पायऱ्यांचा खेळ पुरे: चढा, तिकीट, उतरा.

प्लेग्रुपचं उत्तर यातून आलंच: पूर्ण दिवस आत्ता नको. तुमची नोकरीची गरज असेल तर गोष्ट वेगळी. मग डे-केअर घ्या, पण त्याने बोलणं सुधारेल या हिशेबात ते धरू नका. आहे त्या दोन तासांबद्दल टीचरना तीन गोष्टी विचारा. मुक्त खेळ किती मिनिटं असतो? एका टीचरमागे मुलं किती? भांडण झालं की नुसती वेगळी करता की दोघांना शब्द देता? गोल बसून बडबडगीतं म्हणणं छान असतं, पण त्यात मुलाची पाळी येत नाही. टीचरना एकच विनंती करा: रोज दहा मिनिटं, ठरलेल्या एका मुलाबरोबर, पझलच्या टेबलापाशी, त्यांच्या नजरेसमोर. तिथे एबीसीडी गिरवून घेत असतील तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा टप्पाच खेळावर आधारलेला मांडलाय, हे सांगायला संकोच करू नका.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाकडमध्ये हा प्रश्न येतोच: घरी मराठी, खाली हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं नाही. घरातली मराठी सोडून तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायला लागू नका. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता तीच ठेवा. खाली जाताना मात्र पाच-सहा चलनी नाणी त्याच्या खिशात टाका: 'मुझे दो', 'मेरी बारी', 'रुको', 'चलो', 'पकडो'. घरी त्याच्याशी हेच शब्द वापरून चेंडू खेळा, म्हणजे खाली ते नवे वाटणार नाहीत.

स्क्रीनचं एका ओळीत: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं चांगलं. जेवतानाचा मोबाईल बंद केला तरी रोज तीन वेळा गप्पांची जागा मोकळी होते.

प्रगती कशी मोजायची? शब्दांची यादी करू नका. आठवड्यातून दोनदा खेळाचं पाच मिनिटांचं व्हिडिओ चित्रण करा आणि रात्री दोनच गोष्टी मोजा: चेंडूसारखी देवाणघेवाण न तुटता किती वेळा झाली, आणि सुरुवात किती वेळा त्याने केली. बघणं, हात पुढे करणं, आवाज, शब्द, सगळं पाळी म्हणून धरा. दोनाचे पाच झाले तर गाडी रुळावर आहे, शब्द मागून येतात. आठ-दहा आठवड्यांत आकडा हललाच नाही तर नुसत्या खेळावर विसंबू नका, नियमित थेरपी लागेल. थेरपिस्टने हे व्हिडिओ मागितले नाहीत तरी दाखवा. अनोळखी खोलीत मूल जेवढं बोलतं त्यापेक्षा त्यात जास्त दिसतं.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात या विषयाचं शिक्षण दिलं जातं, तिथे तपासण्याही होतात. हे वाचणाऱ्या ज्यांचं मूल अंगणवाडीत जातं त्यांच्यासाठी: २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि ऐकणं-बोलणं मागे असलेल्या मुलांना पुढे मोफत उपचारासाठी पाठवलं जातं. पथक कधी येणार ते सेविकांना विचारून ठेवा.

कानाच्या तपासणीची तयारीही खेळानेच होते. या वयात ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येण्याची तपासणी करणारे) मुलाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायला सांगतात. घरी चार दिवस हेच खेळा: ठोकळा गालाशी धरून थांबायचं, तुम्ही त्याच्या मागे स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचा, टण् झालं की ठोकळा टोपलीत. आधी मोठ्याने वाजवा, मग हळू. आवाजाशिवाय टाकला तर हसून ठोकळा परत त्याच्या गालाशी न्या. आणि बाबांचा मोठा हेडफोन रोज मिनिटभर डोक्यावर ठेवायची सवय आधीच लावा, नाहीतर तिथली पहिली पंधरा मिनिटं तो काढून फेकण्यातच जातात.